एसी नाही, फ्लश नाही, वीज बेताची: असल्या 'इको' बीच रिसॉर्टात राहिलंय का कोणी?

सांजवारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस रोमात आहे (म्हणजे नुसती वाचतेय), आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याने एक जागा हेरली आहे. उष्ण कटिबंधातलं छोटंसं बेट, एकूण आठ झोपड्या, होडीशिवाय पोचायची सोय नाही. त्यांच्या माहितीपत्रकात काय आहे यापेक्षा काय नाही हेच ठळक अक्षरांत छापलंय. एसी नाही, टीव्ही नाही, गीझर नाही, प्लास्टिकची बाटली नाही, संडासात फ्लश नाही (!). दिवे-पंखे सौरऊर्जेवर. दर मात्र चांगल्या हॉटेलच्या वरचढ.

तर प्रश्न असा, की हे खरंच पर्यावरणासाठी असतं, का सोयी न देण्याला दिलेलं गोंडस नाव? आणि प्रत्यक्ष राहायला कसं वाटतं? बरोबर नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई आहेत (वय ७१, मधुमेह, इन्सुलिन चालू, उत्साह माझ्या दुप्पट). पाच रात्री काढायच्यात. राहून आलेल्यांनी लिहा प्लीज.

आळशी_कासव
'फ्लश नाही'पर्यंत वाचलं आणि परत वर जाऊन जागा नक्की नवऱ्यानेच हेरली ना, ते तपासून आलो.
चटई अंथरून बसलोय. येऊ द्या.

खवचट
गोंडस नाव. विषय संपला.

'ग्रीनवॉशिंग' (पर्यावरणप्रेमाचा नुसता आव आणणं) हा शब्दच मुळी हॉटेलवाल्यांच्या कृपेने आलाय. जे वेस्टरवेल्ड नावाचे अमेरिकन पर्यावरणवादी फिजीतल्या एका किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात गेले होते. तिथे पाटी होती, टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा. आणि तेच रिसॉर्ट आणखी बांधकाम काढत होतं. पुढे १९८६ मध्ये त्यांनी लेखात हा शब्द वापरला. म्हणजे तुमच्या प्रश्नाला चाळीस वर्षं होत आली, ताई. उत्तर तेच आहे. धुलाईचा खर्च वाचतो त्यांचा, पुण्य तुमच्या नावावर.

शेवाळ
वाचतेय. आम्हालाही जायचंय.

टिपूस
खवचट, टॉवेलपुरतं अगदी सहमत. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

मी पाणी आणि सांडपाण्याचं काम करते, त्यामुळे कुठेही गेले की आधी मागच्या बाजूला जाते. (नवरा म्हणतो, तुला समुद्र दाखवायला आणलं आणि तू सेप्टिक टँक बघत बसलीस.) पुढच्या बाजूला बांबू, शिंपले, हाताने रंगवलेल्या पाट्या सगळीकडे सारख्याच. खरं-खोटं मागे कळतं.

लहान बेटावर गोडं पाणी म्हणजे पावसाचं मुरलेलं पाणी. ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, भिंगाच्या आकाराचा थर असतो तो. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली चाळीसेक मीटर गोडं पाणी असतं. आता उलटं बघा. उपसा करून वरची पातळी १० सेंटीमीटर उतरवली की खालचं खारं पाणी कालांतराने चार मीटर वर चढतं. शॉवर, टब, हिरवळ, पोहण्याचा तलाव असले लाड केले की विहीर मचूळ झालीच म्हणून समजा. आणि ती विहीर एकट्या रिसॉर्टची नसते, गावही तिच्यावरच असतं.

म्हणून विचारायचं ते हे: पाणी येतं कुठून आणि वापरून झाल्यावर जातं कुठे. छपरावरचा पाऊस साठवतात का? १०० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला २००० मिलिमीटर पाऊस म्हटलं तरी दोन लाख लिटर होतात, थोडी गळती धरा. झांझिबारजवळच्या चुंबे बेटावर हेच करतात. सात बंगले, प्रत्येकाचं छप्पर पाऊस गोळा करतं, अंघोळीचं पाणी वाळू-खडीच्या वाफ्यातून गाळून झाडांना, संडास कंपोस्टचे. समोरची प्रवाळं १९९४ पासून राखीव आहेत, तिथे मासेमारीही करू देत नाहीत. हे गोंडस नाव नाही.

आणि उलट उदाहरण फिलिपीन्सच्या बोराकायचं. सांडपाणी सरळ समुद्रात सोडत होते. शेवटी २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं.

आळशी_कासव
ताई, तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

उंबरठा
सांजवारा, मी आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ६८ची होती. फ्लशवाल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण सगळे त्यालाच हसतायत आणि त्याविषयी कोणीच सांगत नाहीये.

पहिल्या संध्याकाळी आई आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. "अगं, आत बादलीभर काथ्याचा भुसा ठेवलाय, साफसफाई अर्धी राहिली वाटतं त्यांची." तो भुसाच तर फ्लश असतो. झालं की दोन डबडी वर टाकायचा, झाकण घट्ट लावायचं. मागून एक काळा रंगवलेला पाइप छपरावर गेलेला असतो. तो उन्हाने तापतो आणि वास वर ओढून नेतो. पाइपच्या तोंडाला जाळी, माशांसाठी. खरं सांगते, विमानतळावरच्या संडासापेक्षा कमी वास होता. लघवी वेगळ्या खाचेतून बाहेर जाते. दोन्ही एकत्र झालं आणि ओल राहिली की मगच घाण वास सुटतो.

पाण्याची सवय असलेल्यांसाठी शेजारी वेगळी मोरी असते, तिथे धुवायचं. हे बुकिंगच्या आधी विचारून घे, सगळीकडे नसते. दुसऱ्या एका ठिकाणी ती नव्हती. लोक आतच पाणी ओतायचे. तिसऱ्या दिवशी झोपडीत बसवेना. व्यवस्थापक पाहुण्यांना बोल लावत होता, पाहुणे व्यवस्थापकाला. चूक माझ्या मते बांधणाऱ्याची. माणसं पाण्याने धुणार हे त्याला कळायला हवं होतं.

आईला शेवटी काय खुपलं माहितेय? संडास नाही, वाळू. अंथरुणात वाळू, कानात वाळू, चष्म्याच्या बिजागरीत वाळू. पाय धुवायला दाराशी पाण्याचं घंगाळ होतं, ती दिवसातून वीस वेळा पाय धुवायची आणि मग टिपूसच्या हिशेबाने तिला अपराधी वाटायचं.

मी_वाचक
+१ वाळू. परत येऊन चार महिने झाले, अजून बॅगेतून निघते.

दीडशहाणा
विजेबद्दल कोणी लिहीना म्हणून मीच टंकाळा (टंकायचा आळस) झटकतो.

दीड टनाचा एसी साधारण १५०० वॅट खातो. बीएलडीसी मोटरचा (कमी वीज खाणारा) छताचा पंखा ३० वॅटच्या आसपास. म्हणजे एका एसीच्या विजेत पन्नास पंखे. आठ झोपड्यांना आठ एसी दिले तर रात्रभर पुरेल एवढ्या बॅटऱ्या ठेवायला नववी झोपडी बांधावी लागेल. म्हणून मग डिझेल जनरेटर येतो, तो रात्रभर घरघरतो, आणि डिझेल येतं होडीने. तेव्हा सांजवारा, एसी नसणं हे ढोंग नाही, त्या जागी तेच परवडतं.

पण पंखा रात्रभर चालतो का, हे लेखी विचारा! आमचा पहाटे तीनला बंद पडला. सलग तीन दिवस ढग होते आणि शेजारच्या झोपडीतल्या बाईंनी केस वाळवायचं यंत्र लावलं होतं. ते एकटं हजार-दीड हजार वॅट खेचतं. सकाळी सगळे पाहुणे त्यांच्या केसांकडे बघत होते.

आळशी_कासव
केस कसे दिसत होते पण?

दीडशहाणा
उत्तम. दृष्ट लागण्यासारखे. दोन्ही अर्थांनी.

जुना_खलाशी
पंख्याला एक जोड. जागा निवडताना वाऱ्याचं बघा. दिवसा जमीन तापते, वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन निवते, मग वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. अधेमधे संध्याकाळी काही वेळ पानसुद्धा हलत नाही आणि नेमके तेव्हाच चावणारे बाहेर पडतात. झोपडीला समोरासमोर दोन बाजूंना खिडक्या असतील तर रात्र निभते. एकाच बाजूला काच लावून 'सी व्ह्यू' केला असेल तर भट्टी.

चावणारे म्हणजे फक्त डास नव्हेत. वाळूतल्या बारीक चिलटांनी मी मी म्हणणाऱ्यांना रडवलंय. एक-दोन मिलिमीटरचा जीव, साध्या मच्छरदाणीतून आरपार येतो. पण उडायला दुबळा आहे. पंखा जोरात ठेवला की जवळ फिरकत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे लेकीला दिवसाही लांब बाह्यांचे कपडे.

आता आजींचं. इन्सुलिनसाठी ओल्या कापडाच्या गार पिशव्या मिळतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्या पाणी उडून जाण्यावर गार होतात आणि किनाऱ्याच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. वापरात असलेली कुपी बहुधा ३० अंशांखाली चारेक आठवडे टिकते (प्रकाराप्रमाणे फरक पडतो, डॉक्टरांना विचारा), पण भर दुपारी झोपडी ३० च्या वर सहज जाते. जादा साठा त्यांच्या फ्रिजमध्येच हवा, आणि तो फ्रिज रात्री बंद करत नाहीत ना, हे विचारायचं. शिवाय रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर होडी कोण काढणार, किती वेळ लागणार, खवळलेल्या समुद्रात काय करणार? उत्तर द्यायला आढेवेढे घेतले तर जाऊ नका. बाकी संडास-बिंडास होतं सवयीने.

सांजवारा
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार! ईमेल लिहायला घेते. फ्रिज, होडी, पंखा, मोरी, पाणी, सांडपाणी. अजून काय विचारू?

नारळीखाली
बांबू मुरवलाय का, ते विचारा. हसू नका.

आमची झोपडी नवीकोरी, देखणी. पहिल्या रात्री दिवा मालवला आणि डोक्यावर कुर्रर्र, कुर्रर्र. उंदीर वाटला. सकाळी पांढऱ्या चादरीवर पिवळसर पिठाची रेघ, अगदी सरळ, वरच्या वाशाच्या बरोबर खाली. बोटाने चिमूट उचलली तर रांगोळीपेक्षा बारीक. बायकोने झटकलं, संध्याकाळी पुन्हा तीच रेघ. भुंगेरा लागला होता. बांबूत पिष्ट असतं, त्याला ते आवडतं. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवून मग वापरायचा असतो, इथे घाईत तसाच उभा केलेला. मालकाला दाखवलं तर तो म्हणे, "नैसर्गिक आहे." अरे बाबा, नैसर्गिक तर आहेच! दोन-तीन वर्षांत छप्पर उतरवून नवा बांबू तोडावा लागणार असेल तर मग कसला डोंबलाचा इको?

आणि हो, माझं सदस्यनाम बघून कोणी नारळाखाली झोपडी घेऊ नका. नारळ काढलेले असले पाहिजेत.

रातवा
कासवांचं किंवा किनाऱ्याचं नाव काढलंय का त्यांनी पत्रकात? असेल तर रात्रीच्या दिव्यांचं विचारा.

कासवाची पिल्लं बहुतेक रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. निसर्गात ती बाजू समुद्राची. पण मागे रिसॉर्टची दिव्यांची माळ असली की पिल्लं उलटी चालत येतात आणि सकाळी खेकडे-पक्षी त्यांचा फडशा पाडतात. कासवांचं भान असलेल्या जागी दिवे कमी उंचीवर, झाकलेले, पिवळट-लालसर असतात आणि किनाऱ्यावर तर नसतातच. 'कासव-दर्शन' म्हणून टॉर्च आणि फ्लॅश घेऊन गर्दी नेणारेही पाहिलेत मी. तिथून परत फिरावं.

दुसरी खूण सांगते, ही फार कोणी सांगत नाही. किनारा रोज झाडून आरशासारखा करतात का? लाटांनी आणलेलं समुद्रगवत, पालापाचोळा दिसायला गबाळा असतो, पण तो वाळू धरून ठेवतो आणि त्यात किड्यांचं, पाखरांचं सगळं चालू असतं. ज्या मालकाने तो तसाच ठेवलाय आणि पाहुण्यांची कुरकुर ऐकून घेतलीय, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. प्लास्टिक मात्र वेचायचं, ते सांगायला नको.

आळशी_कासव
या प्रतिसादाला आमच्या समस्त ज्ञातीतर्फे अनुमोदन.
वाळू गरम असली की अंड्यांतून माद्याच जास्त निघतात म्हणे, खरं का?

रातवा
खरंय. वाळूच्या तापमानावरच ठरतं. पृथ्वी तापतेय तशी नरांची पंचाईत होणार आहे.

आळशी_कासव
घरी आत्ताच अल्पसंख्य आहे मी.

शेवाळ
अवांतर: सनस्क्रीन चालतं का प्रवाळांजवळ?

रातवा
पलाऊने २०२० पासून प्रवाळांना घातक ठरवलेल्या रसायनांची सनस्क्रीन्स बंद केली. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेटवाल्यांच्या विक्रीवर बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या, भुतासारखं पांढरं दिसायची तयारी ठेवा. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालायचा, लावायची जागाच कमी उरते. आणि प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, दम लागला तरी. रसायनाने काही होईल न होईल, पाय पडला की तो तुकडा मोडलाच.

खवचट
सगळं वाचलं. काथ्याचा भुसा, पिवळे दिवे, झिंक. छान. आता मला सांगा, त्या बेटापर्यंत सगळे पोहत जाणार आहेत का? हजारो किलोमीटर विमानाने जायचं, वर होडीचं इंजिन, आणि तिथे पोचून बांबूच्या नळीने पाणी प्यायचं. पाच दिवस पंख्याखाली घाम गाळून विमानाचं पाप फिटत नाही. प्रवाळं पांढरी पडतायत ती समुद्र तापल्यामुळे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातला चौथा मोठा ब्लीचिंगचा प्रकार जाहीर झाला, तो काय फ्लशमुळे?

टिपूस
हा मुद्दा बिनतोड आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. प्रवासाचा धूर बहुतेक वेळा मुक्कामापेक्षा भारी असतो. करता येण्यासारखं एवढंच, की वर्षातून तीनदा तीन-तीन दिवस उडण्याऐवजी एकदाच जायचं आणि जास्त राहायचं. शक्य असेल तिथे जमिनीवरून जायचं.

पण प्रवाळावर दोन्हीकडून मार बसतो हेही बघा. समुद्र तापतो ते एका रिसॉर्टच्या हातात नाही. सांडपाणी त्याच्या हातात आहे. मैल्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजतं आणि तापातून उठू पाहणाऱ्या प्रवाळाची जागा बळकावतं. आजारी माणसाच्या खोलीत निदान कचरा तरी टाकू नये.

शेवाळ
मी माजत नाही, मी फक्त वाचतेय.

खवचट
कचऱ्याचं पटलं. विमानाचं मागे घेत नाही.

जुना_खलाशी
कोणी मागे घ्यायला सांगितलंय? भांडण चालू द्या, पण पोरीला एक शिकवून न्या. किनाऱ्यावर लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथे उतरायचं नाही. तिथून पाणी आत ओढतं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. लहान रिसॉर्टांत जीवरक्षक बहुधा नसतो.

सांजवारा
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय. जाऊन आलो!

ईमेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, पानभर. फ्रिज स्वयंपाकघरात, वेगळ्या बॅटरीवर, रात्रंदिवस चालू. रात्रीची होडी आहे, पलीकडच्या धक्क्यावर पोचायला ४० मिनिटं, "पण समुद्र उसळला असेल तर आम्ही निघत नाही, हे ध्यानात घेऊन या." या एका वाक्यामुळे मी बुकिंग केलं. बांबूच्या प्रश्नाला उत्तर आलं की दोन झोपड्यांना भुंगेरा लागलाय, त्या सध्या देत नाही. नारळीखाली, तुमची आठवण काढली.

खोटं कशाला बोलू, पहिली रात्र वाईट गेली. वारा पडलेला, अंग चिकचिकलेलं, नवऱ्याशी अबोला. लेकीने रात्री अकराला विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथल्या माणसांसारखं वागायला लागलो. पहाटे उठायचं, दुपारी मुकाट्याने सावलीत पडायचं, आठला झोपायचं. मग पंखा पुरला.

किनारा झाडत नव्हते. समुद्रगवताचा ढीग गुडघाभर, पहिल्या दिवशी मलाच तो गबाळा वाटला. लेक तासन्‌तास त्याच्यापाशी बसून. दर भरतीला त्यात नवीन काहीतरी. तिथल्या मुलाने तिला सांगितलं की पांढऱ्या वाळूतली बरीचशी वाळू पोपटमाशाची शी असते. तो प्रवाळ कुरतडतो, भुगा मागून टाकतो. पोरगी तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतेय. शाळेतही सांगून आली.

सगळंच गोड नव्हतं. सांडपाण्याचा वाफा टिपूसने सांगितला तसा होता खरा, पण एका कोपऱ्यात पाणी तुंबून डास झाले होते. मी दाखवलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी खडी उपसून काढली. कचरा मात्र होडीने पलीकडे जातो आणि पुढे त्याचं काय होतं, याला शेवटपर्यंत धड उत्तर मिळालं नाही. तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता, तुम्ही टाका.

उंबरठा
आणि सासूबाई? मोरी होती का?

सांजवारा
होती. आईंना काही म्हणजे काही अडलं नाही. लहानपणी त्यांच्या घरी राख टाकायचे, हे भुश्यासारखंच, म्हणाल्या. घरी आल्यावर पहिल्यांदा बाथरूममधून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, "एवढुश्यासाठी किती गं पाणी ते!"

आळशी_कासव
आजींना इथे सदस्य करून घ्या.

खवचट
सांजवारा, पाण्याचं आणि होडीचं त्यांनी लिहिलेलं उत्तर इथे चिकटवाल का? नुसतं बघायला.
आणि नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दीडशहाणा
!!!

आळशी_कासव
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

खवचट
बायकोला हवंय.